३०० चा प्लॅन, वायरवर कायम ९४: घरातलं नेटवर्क कुठून तपासायला घ्यावं?

कर्वेनगरकर

नमस्कार मंडळी,

पुण्यात कर्वेनगरला दुसऱ्या मजल्यावर आमचा टू बीएचके आहे, रीसेलमध्ये घेतलेला. फायबरचं कनेक्शन आहे, प्लॅन ३०० एमबीपीएसचा. फायबरचा डबा, म्हणजे ओएनटी, हॉलमध्ये दाराच्या वर बसवलाय आणि वाय-फायही त्यातलंच. आतल्या खोलीत मी ऑफिसचं काम करतो. तिथे आधीच्या मालकांनी भिंतीतून लॅन वायर टाकून ठेवलेली होती, तीच वापरतो.

मोबाईल हॉलमध्ये ओएनटीसमोर धरला की स्पीड टेस्ट २८०-२९० दाखवते. आतल्या खोलीत वायर लावलेल्या लॅपटॉपवर मात्र ९४. सकाळी ९४, रात्री ९४, टेस्टचा सर्व्हर मुंबईचा घेतला तरी ९४. वाय-फायपेक्षा वायर फास्ट असते असंच आजवर ऐकत आलोय, इथे तर उलटंच चाललंय.

कस्टमर केअरला फोन केला. "वाय-फायवर स्पीड येतोय ना, मग आमची लाईन ओके आहे," असं सांगून तक्रार बंद केली आणि वर ५०० चा प्लॅन घ्या म्हणाले. पैसे वाढवण्याआधी घरात काय तपासता येईल ते कुणी नीट सांगेल का?

औंधकर

मी असतो तर सरळ दुसरं कनेक्शन घेतलं असतं. कस्टमर केअरशी बोलून रक्त आटवण्यापेक्षा ते परवडतं. आमच्या सोसायटीत निम्म्या लोकांनी तेच केलं.

तारवाला

औंधकर, थांबा. कनेक्शन बदलून यांचे ९४ चे ९४ च राहतील, याची मला जवळजवळ खात्री आहे. दिलेल्या आकड्यातच निम्मं उत्तर आहे.

मी केबलिंगची कामं करतो, ऑफिसांची जास्त, घरांची कमी. स्पीड ९४-९५ वर अडकलेला दिसला की आम्ही कंपनीला फोन लावत नाही, आधी वायर बघतो. घरगुती उपकरणांत इथरनेट १०, १०० आणि १००० अशा ठरलेल्या पायऱ्यांवर चालतं. मधली पायरी नाही. तुमची लिंक, म्हणजे वायरच्या दोन टोकांच्या यंत्रांमधली जोडणी, १०० च्या पायरीवर उतरलेली आहे, आणि १०० च्या लिंकवर हाती येतात ९४.

हे सहा कुठे जातात? एका पॅकेटमध्ये १५०० बाइट. त्यातले ४० आयपी आणि टीसीपीच्या हेडरला जातात, खरा माल १४६०. बाहेरून इथरनेटचं हेडर, चेकसम, सुरुवातीचा प्रीअँबल आणि दोन फ्रेममधली सक्तीची मोकळी जागा मिळून ३८ बाइट. म्हणजे तारेवर १५३८ बाइटची जागा खर्च होते तेव्हा तुमच्या पदरात १४६० पडतात. भागाकार करून बघा, १०० ला ९४.९. हाच हिशेब गिगाबिटवर, म्हणजे १००० च्या लिंकवर, ९४० च्या आसपास जातो.

कंपनीची लाईन भरलेली असती तर आकडा हलता राहिला असता. सकाळी २१०, रात्री ७०, असा काहीतरी. दिवसरात्र एकाच आकड्यावर खिळून बसणं हे पोर्टचं नाहीतर वायरचं लक्षण आहे. ५०० चा प्लॅन घेतलात तर त्या खोलीत ९४ च मिळतील, फक्त बिल मोठं येईल.

आधी एवढंच करा. विंडोज असेल तर सेटिंग्जमध्ये नेटवर्क अँड इंटरनेट, त्यात इथरनेट उघडा आणि खाली "लिंक स्पीड" वाचा. मॅकवर नेटवर्क, इथरनेट, डिटेल्स आणि मग हार्डवेअर. १०००/१००० आहे की १००/१०० ते इथे लिहा.

कर्वेनगरकर

१००/१०० दाखवतंय. लॅपटॉप अलीकडचा आहे, त्याचा पोर्ट गिगाबिट असल्याचं कागदपत्रांत लिहिलंय.

नळस्टॉप_नाका

तारवाला म्हणतात ते बरोबरच आहे, पण भिंत खणण्याआधी ओएनटीचे पोर्ट बघून घ्या. कंपन्या देतात त्या स्वस्तातल्या ओएनटीवर बऱ्याचदा एकच पोर्ट गिगाबिट असतो आणि बाकीचे १०० चे. दिसायला सगळे सारखे. पोर्टखाली "जीई" आणि "एफई" अशी अक्षरं असतील तर जीई म्हणजे गिगाबिट. नसतील तर मागच्या स्टिकरवरचा मॉडेल नंबर शोधून माहितीपत्रक वाचा. साधारणपणे लॅन १ हा गिगाबिट असतो, पण तो नेमका दुसऱ्या रूटरला दिलेला असतो.

लॅपटॉपला लॅन पोर्ट नाही म्हणून यूएसबीचं कन्व्हर्टर वापरणाऱ्यांनी तेही तपासावं. जुनी, स्वस्त कन्व्हर्टर १०० चीच असतात.

चाफेकळी

मध्येच विचारते, राग मानू नका. माझा प्लॅनही ३०० चा आहे आणि गेम डाउनलोड करताना ३५-३६ च्या वर जात नाही. माझीही वायर खराब आहे का?

नळस्टॉप_नाका

नाही ताई, तुम्हाला पूर्ण स्पीड मिळतोय. प्लॅन मेगाबिटमध्ये विकतात आणि डाउनलोडची खिडकी मेगाबाइट दाखवते. ८ बिटचा एक बाइट, म्हणून ३०० ला ८ ने भागायचं, ३७.५. तुमचे ३५-३६ अगदी योग्य आहेत.

तारवाला

कर्वेनगरकर, आता एकेक तुकडा वेगळा काढायचा. तुमच्या वाटेत चार गोष्टी आहेत. ओएनटीचा पोर्ट, तिथून भिंतीतल्या सॉकेटपर्यंतची छोटी पॅच कॉर्ड, भिंतीतली वायर, आणि आतल्या सॉकेटपासून लॅपटॉपपर्यंतची दुसरी पॅच कॉर्ड. लॅपटॉप उचलून हॉलमध्ये न्या. भिंतीचा संबंध न ठेवता एका चांगल्या कॉर्डने थेट ओएनटीला जोडा आणि लिंक स्पीड वाचा. पोर्ट बदलून वाचा, कॉर्ड बदलून वाचा. स्पीड टेस्ट नंतर, आधी लिंक स्पीड. तो क्षणात कळतो आणि त्यात कंपनीच्या लाईनचा संबंधच येत नाही.

टेस्ट कराल तेव्हा व्हीपीएन बंद ठेवा. ऑफिसच्या लॅपटॉपवर ते आपोआप चालू होतं आणि मग आकडा ऑफिसच्या सर्व्हरचा येतो.

कर्वेनगरकर

केलं. ओएनटीच्या पहिल्या पोर्टला थेट जोडल्यावर लिंक १०००, स्पीड ३०४. दुसऱ्या पोर्टला १००, म्हणजे नळस्टॉप_नाका म्हणाले तसाच प्रकार. पण भिंतीतली वायर पहिल्याच पोर्टला होती. दोन्ही पॅच कॉर्ड थेट लावून बघितल्या, दोन्हींवर १००० येतं. भिंतीतून गेलं की १००.

म्हणजे दोष भिंतीत आहे. टाइल्स फोडायला लागणार का?

तारवाला

फोडाफोडी लगेच नको. दहापैकी आठ वेळा दोष वायरच्या टोकाशी असतो, मधल्या भागात क्वचित.

लॅन केबलमध्ये आठ तारा असतात, चार जोड्या. १०० च्या लिंकला दोनच जोड्या लागतात, पिन १-२ आणि ३-६. गिगाबिटला चारही जोड्या हव्यात, आठही तारा. त्या जास्तीच्या दोन जोड्यांतली एक जरी तार सॉकेटमध्ये नीट बसली नसेल तर दोन्हीकडची यंत्रं गिगाबिटचा प्रयत्न करतात, जमत नाही म्हणून १०० वर उतरतात आणि गप्प काम करत राहतात. कुठे लाल दिवा नाही की सूचना नाही. काही यंत्रं तर उतरतही नाहीत, लिंकच लागत नाही.

दोन्ही सॉकेटच्या प्लेटचे स्क्रू काढा आणि मागे आठ तारा बसल्यात का ते मोजा. रंगांचा क्रम दोन्हीकडे एकच हवा. आपल्याकडे बहुतेक ठिकाणी बी क्रम वापरतात: पांढरा-केशरी, केशरी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. निळी जोडी मध्ये आणि हिरवी तिच्या दोन्ही बाजूंना, हे लक्षात ठेवा. इथेच वायरमन चुकतात, कारण हात आपोआप जोडीला जोडी लावत जातो.

कर्वेनगरकर

आतल्या खोलीतली प्लेट उघडली. सॉकेटमध्ये चारच तारा आहेत, केशरी जोडी आणि हिरवी जोडी. निळी आणि तपकिरी जोडी मागे वळवून बाजूच्या एका छोट्या पांढऱ्या डबीत नेल्यात. त्या डबीत टेलिफोनचं जुनं सॉकेट आहे, निळ्या तारा त्याच्या स्क्रूखाली पकडल्यात आणि तपकिरी नुसत्या काळ्या टेपने गुंडाळून सोडल्यात. टेप इतकी जुनी की हात लावल्यावर चिकट काळा थर बोटांना लागला. हॉलमधल्या प्लेटमागेही हेच.

तारवाला

सापडलं. एकाच केबलमधून लॅन आणि लँडलाईनचं पॅरलल कनेक्शन काढलंय. १०० चा जमाना होता तेव्हा हे सर्रास चालायचं, चार तारा रिकाम्याच असायच्या, आणि एका पाइपमधून दोन केबल ओढण्यापेक्षा एक ओढणं सोपं. तेव्हाच्या कामाला त्याने काही अडलं नाही. आता अडतंय.

हात लावण्याआधी एक गोष्ट पक्की करा. तांब्याची लँडलाईन अजून चालू आहे का? चालू फोनच्या तारेवर ४८ व्होल्ट डीसी असतो आणि बेल वाजताना त्याहून बराच जास्त एसी येतो. जीव जात नाही, पण झटका बसतो, आणि तो ओएनटीच्या पोर्टला बसला तर पोर्ट जळतो. बाहेरून येणारी फोनची जोडी आधी मुळापासून सोडवा, मगच निळ्या तारा लॅनच्या सॉकेटमध्ये घ्या. फोन हवाच असेल तर आजकाल ओएनटीवर फोनचं वेगळं सॉकेट असतं, त्याला कॉर्डलेस लावा. वायर फिरवायची गरज नाही.

मग दोन्ही बाजूंना आठही तारा पंच करून, म्हणजे टूलने सॉकेटच्या खाचेत दाबून, घ्या. जोडीचा पीळ सॉकेटच्या तोंडापर्यंत ठेवा. बसवायला सोपं पडतं म्हणून लोक दोन-दोन इंच पीळ उलगडतात. तसं करू नका, पिळामुळेच एका जोडीचा सिग्नल दुसरीत घुसत नाही. पंचिंग टूल नसेल तर जवळचा सीसीटीव्ही बसवणारा माणूस बोलवा. त्याच्याकडे टूल असतं आणि केबल टेस्टरही, ज्यावर एक ते आठ दिवे क्रमाने लागतात. ते आठ दिवे डोळ्यांनी बघितल्याशिवाय त्याला सोडू नका.

धायरी_फाटा

माझी केस वेगळी वाटते. वायरवर लिंक १००० आहे. पहाटे टेस्ट केली तर २९५, रात्री नऊनंतर ६०-७०. ओएनटीच्या पानावर आरएक्स पॉवर, म्हणजे ओएनटीपर्यंत पोचणाऱ्या प्रकाशाची ताकद, -२६.४ डीबीएम दिसते. टेक्निशियन म्हणतो सिग्नल वीक आहे म्हणून स्पीड कमी.

नळस्टॉप_नाका

सिग्नल वीक आहे हे खरं, पण रात्रीच्या स्पीडचं कारण ते नाही. दोन्ही गोष्टी वेगळ्या धरा.

घरगुती फायबर बहुतेक जीपॉन पद्धतीचं असतं. एक्स्चेंजकडून निघालेली एक फायबर स्प्लिटरमधून ३२ किंवा ६४ घरांत वाटली जाते, आणि त्या सगळ्यांत मिळून डाउनलोडला साधारण २.५ जीबीपीएस, अपलोडला १.२५. ओएनटीचा वेग सिग्नलनुसार कमीजास्त होत नाही. प्रकाश कमी झाला की आधी चुका वाढतात, मग लिंक तुटते, लाल दिवा लागतो. साधारण -२७ ही हद्द आहे. -१५ ते -२५ मध्ये असलं की निर्धास्त राहावं. तुम्ही कड्याच्या टोकावर आहात, पण अजून पडलेला नाहीत. पहाटे त्याच सिग्नलवर २९५ मिळतात, हाच पुरावा.

रात्री स्पीड उतरतो तो गर्दीमुळे. तुमच्या स्प्लिटरवरची घरं भरली असतील किंवा कंपनीची पुढची लाईन कमी पडत असेल. दोन्ही तुमच्या घराबाहेर.

सिग्नलचंही काम करून घ्याच, कारण ३ डीबी म्हणजे निम्मा प्रकाश. फायबर कपाटामागे चिमटलेली आहे का, दाराच्या फटीत दाबली जातेय का, वळण फार आवळलंय का ते बघा. कनेक्टर हिरवा आणि त्यात घातलेला जोड निळा असं झालेलं असेल तर तेही सांगा. हिरव्याचं टोक ८ अंशांत तिरकं घासलेलं असतं, निळ्याचं तसं नसतं, दोन्ही एकमेकांत नीट बसत नाहीत. आणि चालू फायबरच्या टोकात डोकावून बघू नका, त्यातला लेझर डोळ्यांना दिसत नाही.

धायरी_फाटा

मग रात्रीच्या स्पीडसाठी तक्रार कशी टिकवायची? दर वेळी "रीस्टार्ट करा" सांगून बंद करतात.

नळस्टॉप_नाका

पुरावा वायरवरचा ठेवा. वाय-फायचा आकडा दाखवलात की तक्रार तिथेच संपते. लिंक स्पीड १००० दिसतोय असा फोटो, त्याच वेळची स्पीड टेस्ट, तारीख आणि वेळ. पहाटेचा आणि रात्रीचा, असे काही दिवस. तक्रार केली की डॉकेट नंबर, म्हणजे तक्रारीचा क्रमांक, मागून घ्या, तो देणं त्यांना बंधनकारक आहे. त्या नंबरावर समाधान झालं नाही तर कंपनीच्याच अपिलेट ऑथॉरिटीकडे अपील करता येतं, त्याला फी नाही. ट्रायच्या, म्हणजे दूरसंचार नियामकाच्या, २०१२ च्या नियमांत ही दुसरी पायरी दिलेली आहे. अपील लेखी गेलं की उत्तरही लेखी द्यावं लागतं, आणि तिथे "रीस्टार्ट करा" चालत नाही.

त्याआधी प्लॅनची डेटा मर्यादा बघा. बऱ्याच अनलिमिटेड प्लॅनमध्ये महिन्याला ३३०० जीबीनंतर स्पीड पाडतात. पण तसं असतं तर पहाटेही पडलेला दिसला असता, तुमचं ते नाही.

विमाननगर_डी९

आमच्याकडे वायरचा प्रश्न नाही, वाय-फायचा आहे. एरवी मोबाईलवर २५० च्या पुढे मिळतात. गुरुवारी महावितरणच्या कामासाठी लाईट जाते, आली की त्या दिवशी ४०-५० च्या वर जात नाही. मोबाईलचं वाय-फाय बंद करून चालू केलं की परत ठीक. हा गुरुवारचा काय प्रकार आहे?

तारवाला

फार छान निरीक्षण आहे, यातून कारण जवळजवळ सांगता येतं. तुमच्या रूटरमध्ये २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ दोन्हींना एकच नाव दिलेलं असणार, आणि ५ चा चॅनेल ऑटोवर असताना ५२ ते १४४ मधला कुठला तरी पकडलेला असणार. हे चॅनेल रडारबरोबर वाटून घेतलेले आहेत. त्यावर बसण्याआधी रूटरला किमान ६० सेकंद नुसतं ऐकावं लागतं, रडारची चाहूल नाही ना म्हणून. २.४ ला हे बंधन नाही, ते लगेच सुरू होतं. लाईट आली की घरातले सगळे मोबाईल २.४ वर चढतात आणि ५ उठेपर्यंत तिथेच स्थिरावतात. २.४ वर २० मेगाहर्ट्झच्या चॅनेलमध्ये दोन अँटेनाच्या फोनची लिंक १४४ ची, त्यात शेजाऱ्यापाजाऱ्यांची गर्दी, हाती ४०-५० येतात.

५ गिगाहर्ट्झचा चॅनेल ३६ किंवा १४९ वर पक्का करा, रुंदी ८० ठेवा. या पट्ट्यांना रडारचं बंधन नाही. त्याने भागलं नाही तर दोन्हींची नावं वेगळी करा आणि मोबाईलला फक्त ५ चं नाव द्या.

विमाननगर_डी९

आम्ही विमानतळाजवळ राहतो, त्याचा संबंध असेल का?

तारवाला

छातीठोक सांगणार नाही. रूटरच्या लॉगमध्ये "रडार डिटेक्टेड" अशी नोंद सापडली तर हो म्हणू. चॅनेल ३६ वर नेल्यावर तो प्रश्नच उरत नाही.

हडपसर_गाडीतळ

गुरुवारचा विषय निघालाय म्हणून सांगतो, १२ व्होल्टचा छोटा यूपीएस मिळतो, रूटर आणि ओएनटी दोन्ही त्यावर चालतात. घेताना ॲडॉप्टरवरचा व्होल्ट आणि अँपिअर दोन्ही जुळवा. काही ओएनटी १.५ अँपिअर मागतात आणि यूपीएस १ चाच असतो.

ज्यांच्याकडे अजून गच्चीवरच्या स्विचवरून तांब्याची लॅन वायर घरात येते त्यांनी पावसाळ्याआधी विशेष लक्ष द्यावं. जवळपास वीज पडली की लांब तारेत दाब तयार होतो आणि रूटरचा वॅन पोर्ट, म्हणजे बाहेरची वायर जिथे लागते तो, जातो. कधी पूर्ण जातो, कधी अर्धा. अर्धा गेला की तोच पोर्ट १००० ऐवजी १०० वर चालायला लागतो आणि लोक महिनोनमहिने कंपनीला दोष देत राहतात. फायबरची काच वीज वाहत नाही, तिथे ही भीती नाही.

कर्वेनगरकर

काम झालं. सीसीटीव्हीवाले दादा येऊन गेले. लँडलाईन आधीच्या मालकांनी बंद केलेली होती, तरी बाहेरची जोडी सोडवून घेतली. लिंक १०००, आतल्या खोलीत स्पीड २९८. तारवाला आणि नळस्टॉप_नाका, मनापासून आभार. प्लॅन आहे तोच ठेवतोय.

एक गोष्ट मात्र खटकली. पंच करताना तपकिरी तार दोनदा तुटली, अगदी वाळक्या काडीसारखी. दादांनी ब्लेडने तार खरवडून दाखवली. वरून तांबूस, आतून पांढरी चकचकीत. म्हणाले, सध्या चालेल, पण जमेल तेव्हा केबल बदला.

तारवाला

दादा बरोबर बोलले. ही सीसीए केबल, म्हणजे ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा. ॲल्युमिनियमचा रोध तांब्यापेक्षा जास्त, वाकवलं की तुटतं, आणि जोड काळाच्या ओघात सैल पडतो. आज आठ दिवे लागले, उन्हाळ्या-पावसाळ्यातून सात लागतील आणि तुमचे ९४ परत येतील. लॅन केबलच्या मानकांत घन तांबंच मागितलेलं आहे. बॉक्सवर "कॅट-६" छापलं म्हणून ती कॅट-६ होत नाही.

तपकीर गल्लीत, म्हणजे बुधवार पेठेतल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात, गेलात तर नुसतं "कॅट-६ द्या" म्हणू नका. "प्युअर कॉपर हवी, बिलावर तसं लिहून द्या" असं सांगा. जे दुकानदार खरा माल ठेवतात ते खळखळ न करता लिहून देतात. तिथेच तुकडा मागून ब्लेडने खरवडा, आतपर्यंत लालसर दिसलं पाहिजे. हातातलं वजनही सांगतं. तांब्याचा बॉक्स जड लागतो, सीसीएचा उचलल्याबरोबर हलका. घरातल्या अंतरांना आणि १ जीबीपीएसपर्यंतच्या प्लॅनला खऱ्या तांब्याची कॅट-५ई सुद्धा पुरते. खोट्या कॅट-६ पेक्षा खरी कॅट-५ई केव्हाही चांगली.

बदलताना जुन्या केबलच्या टोकाला नवी बांधून ओढा, पाइप मोकळा असेल तर सरकत येते. त्याच पाइपमध्ये विजेच्या २३० व्होल्टच्या तारा असतील तर तिथून नेऊ नका, दुसरा मार्ग शोधा. तो सुरक्षेचा प्रश्न आहे, स्पीडचा नंतर.

नारायणपेठेतली

सगळा धागा वाचला, खूप उपयोगी. आमचं घर जुन्या वाड्यात, रस्त्याकडच्या भिंती हातभर जाडीच्या, दगड-विटांच्या. ओएनटी पुढच्या खोलीत आहे. मागच्या माडीवर मुलगी अभ्यास करते, तिथे ५ गिगाहर्ट्झ दिसतच नाही आणि २.४ वर जेमतेम १० मिळतात. रिपीटर लावला, दांडी पूर्ण दिसते, स्पीड १५. वाडा आहे, भिंतीत पाइप नाहीत, आणि भिंती फोडायची माझी तयारी नाही.

तारवाला

नारायणपेठेतली ताई, रिपीटरची दांडी पूर्ण दिसते ती तुमच्या मोबाईल आणि रिपीटरमधली. रिपीटर आणि ओएनटीमधली भिंत तशीच आहे. शिवाय साधा रिपीटर एकाच रेडिओवर ऐकतो आणि त्याच रेडिओवर बोलतो, म्हणून जे पोचतं त्याचंही निम्मं होतं. हातभर जाडीच्या दगडी भिंतीपुढे महागडं मेश, म्हणजे एकमेकांशी जोडलेले वाय-फायचे दोन-तीन डबे, घेतलंत तरी त्याचे दोन डबे एकमेकांशी वाय-फायनेच बोलणार असतील तर फार फरक पडायचा नाही.

इथे वायरच न्यायची, भिंतीतून नाही, बाहेरून. वाड्याला जिना असतो, चौक असतो, तुळया असतात. पुढच्या खोलीतून जिन्याच्या कडेने, तुळईच्या वरच्या अंगाने माडीपर्यंत एक केबल न्या आणि माडीवर एक साधा गिगाबिट रूटर ॲक्सेस पॉइंट मोडमध्ये लावा. त्याला ओएनटीचंच वाय-फाय नाव आणि पासवर्ड द्या, फक्त चॅनेल वेगळा ठेवा. ॲक्सेस पॉइंट मोड महत्त्वाचा. रूटर मोडमध्ये ठेवलात तर घरात दोन नेटवर्क होतात, आणि पुढच्या खोलीतला प्रिंटर माडीवरून दिसत नाही. अंतराची मर्यादा १०० मीटर आहे, वाड्यात तेवढं होत नाही.

नारायणपेठेतली

जिन्याने नेली तर चौकातून थोडा भाग उघड्यावर येईल, ऊन-पाऊस लागतो. चालेल का? आणि आमच्याकडे टीव्हीलाही वायर द्यावी म्हणते, टीव्हीवर टेस्ट केली तर ९० च दाखवतो.

तारवाला

टीव्हीचं सोडून द्या ताई. बहुतेक टीव्हींचा लॅन पोर्ट १०० चाच असतो, महागातल्यांचाही. फोर-के सिनेमाला २५ पुरतात, तिथे ९० म्हणजे भरपूर. वायर मुलीच्या खोलीकडेच जाऊ द्या.

उघड्यावरच्या भागासाठी काळ्या आवरणाची आउटडोअर केबल घ्या. घरातली राखाडी केबल उन्हाने तडकते आणि पाणी आत शिरतं. जिथे घरात शिरते तिथे केबलला खाली झोळ द्या, म्हणजे पाणी झोळावरून गळून जाईल, आत येणार नाही. तुळईवर बांधताना केबल टाय गच्च आवळू नका, आतल्या जोड्या दबतात. टायखाली केबल बोटाने फिरवता आली पाहिजे.